निरंक आला नाही

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते साचतात. टेबलाच्या खालच्या खणात टाचण्यांचे रिकामे डबे, वापरून झालेले कार्बन आणि कोणाच्या तरी रजेचा कधीच पुढे न गेलेला अर्ज साचतो, तसे. एक काढायला जावं तर खण अडकतो, आणि ओढला की सगळंच मांडीवर येतं.

मी वाशीमच्या एका शिक्षण संस्थेत लिपिक म्हणून लागलो आणि वरिष्ठ लिपिक म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात पुष्कळ वाचलं, बहुतेक ऑफिसच्या वेळेत. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथं गेलो की अजून चहा मिळतो.

आज सांगतो ते सगळे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत. कुठं बिघाड झाला, तर तो कोणाला आणि कसा कळावा? प्रश्न साधा वाटतो. मला त्यानं दोन वर्षं धड बसू दिलेलं नाही.

०

आमच्या संस्थेच्या जिल्ह्यात सात शाळा. एक मेडशीला, एक अनसिंगला, बाकी इकडेतिकडे. त्या सगळ्या वाशीमच्या मुख्य कार्यालयाशी कॉम्प्युटरनं जोडायच्या म्हणून अर्चना काळबांडे नावाच्या इंजिनियर बाईंना कंत्राटावर घेतलं. बाई मूळच्या मेडशीच्या. पुण्यात चांगल्या नोकरीत होत्या. इकडे आईला अर्धांगवायू झाला, आणि आईनं पडल्या पडल्या जाहीर केलं की मी मेडशी सोडणार नाही. म्हणून लेक आली. रोज एसटीनं मेडशी-वाशीम, वाशीम-मेडशी. कंत्राट वर्षाचं. म्हणजे मायलेकींनी एका गावात राहायचं की नाही, हे दर वर्षी आमच्या सचिवसाहेबांच्या सहीवर.

मॅडमनी सगळं जाळं ओपन सोर्सवर उभं केलं. म्हणजे ज्याचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, असं सॉफ्टवेअर. वर पुन्हा ते आभासी. तार एकच, पण तिच्यातून विद्यार्थ्यांचं वेगळं, परीक्षेचं वेगळं आणि ऑफिसचं वेगळं अशी तीन जाळी. मला कळेना, तेव्हा मॅडमनी मेडशीच्या एसटीचा दाखला दिला. समजा, एकाच गाडीत दोन पडदे लावले आणि तीन कंडक्टर बसवले. या पडद्यातल्याला त्या पडद्यातला दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं, अख्खी गाडी आपलीच.

मी म्हणालो, असं आमच्या ऑफिसात पहिल्यापासून आहे.

सचिवसाहेबांना मात्र या गोष्टीत एकच शब्द ऐकू आला. फुकट. "फुकटची चीज बिघडली तं कोणाची कॉलर धरायची?" हा त्यांचा कायमचा सवाल. बाहेरच्या एका कंपनीचं माहितीपत्रक त्यांच्या खणात तेव्हापासूनच होतं.

०

पहिली अडचण मला आली. ऑफिसात नवी वस्तू आली की डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करायची आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा. मॅडमच्या यादीत होतं : आभासी स्विच, नग बारा.

मी रंगाची डबी आणि ब्रश घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेलो. तिथं एक कपाटासारखी पेटी आणि एक मशीन. म्हटलं, बारा स्विच कुठं आहेत? मॅडम म्हणाल्या, "याच्यातच हाय ना काकाजी." म्हटलं, बाहेर काढा, नंबर घालतो. त्यांनी स्क्रीनवर बारा चौकोन दाखवले. मी ब्रश हातात धरून बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिलो. काचेवर नंबर घालायचं माझ्या मनात येऊन गेलं, हे मी नाकारत नाही.

त्या वर्षी तपासणीला जे गृहस्थ आले ते फार काटेकोर होते. रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी बाराच्या बारा स्विच डोळ्यांनी पाहायला मागितले. मॅडमनी त्यांना पाऊण तास समजावलं. मध्ये एसटीचा दाखलाही झाला. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं, आणि अहवालात शेरा मारला :

"बारा स्विच प्रत्यक्ष पडताळणीत आढळून आले नाहीत. तथापि ते चालू आहेत."

०

या जाळ्यात कुठं बिघाड झाला की मशीन स्वतः ओळखतं आणि मोबाइलवर संदेश धाडतं, ही मॅडमनी केलेली सगळ्यात मोठी सोय. संदेश कोणाला धाडायचा? अर्थातच मॅडमना. पण सचिवसाहेबांनी नियम काढला. कार्यालयीन संदेश कंत्राटी माणसाच्या नावे थेट येऊ शकत नाही. तो आधी कायम कर्मचाऱ्याकडे यावा, त्यानं नोंद करावी आणि मग पुढे द्यावा.

कायम कर्मचाऱ्यांत त्या दिवशी जागेवर मी एकटाच होतो. माझा नंबर यादीत गेला.

मी नियमाप्रमाणे वागलो. संदेश आला की कागदावर उतरवायचा, आवक नंबर टाकायचा, सचिवसाहेबांपुढे ठेवायचा. ते "पाहिले" लिहीत. मग कागद मॅडमकडे जाई. पहिलाच बिघाड सोमवारी सकाळी झाला आणि त्याचा कागद मॅडमना गुरुवारी मिळाला. वर माझ्याच अक्षरात लाल शाईनं लिहिलेलं होतं, "तात्काळ".

०

मग साहेबांचं दुसरं फर्मान. संदेश मराठीतून पाहिजेत. भाषांतर अर्थात माझ्याकडे.

प्रत्येक शाळेतली पेटी दर काही सेकंदांनी वाशीमच्या मशीनला "मी आहे" असं कळवत राहते. त्या खुणेला इंग्रजीत ठोका म्हणतात, काळजाचा. ठोके यायचे थांबले की मशीन समजतं, तिकडे काहीतरी बिनसलं. मी इमानदारीनं भाषांतर केलं. पेट्या ज्या खोल्यांत होत्या त्या खोल्यांची नावं पुढे जोडली. आणि मुख्याध्यापकांनाही कळावं म्हणून संदेश सगळ्या स्टाफच्या ग्रुपवर जाईल अशी व्यवस्था झाली.

एप्रिलात एका दुपारी सगळ्यांच्या फोनवर आलं : "अनसिंग मुख्याध्यापक. हृदयाचे ठोके बंद."

मुळात "मुख्याध्यापक कक्ष" होतं. जागा पुरली नाही म्हणून कक्ष गळाला.

वाशीमहून एक जीप भरून माणसं निघाली. आमचा शिपाई तुळशीराम, नोकरीत मुरलेला माणूस, त्यानं वाटेत पाटणी चौकात उतरून हार घेतला. अनसिंगला पोचतात तर इंगळे सर शाळेच्या ओसरीत बनियनवर बसून आमरस-पोळीची रसाळी खात होते. कूलर लावायला जागा नव्हती म्हणून त्यांनीच पेटीची पिन काढून कूलरची खुपसली होती. जीपमधून उतरणारे गंभीर चेहरे आणि तुळशीरामच्या हातातला हार पाहून त्यांना सगळा उलगडा झाला असावा, कारण ते फक्त एवढंच म्हणाले, "आनलाच हाय तं वाया कायले घालवता? सरस्वतीच्या फोटोले घाला."

दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं. विषय : हयात असल्याबाबत. पेन्शनला अजून सहा वर्षं असताना हयातीचा दाखला देणारा हा आमच्याकडचा पहिला माणूस. मी आवक नंबर टाकला.

०

पुढचा किस्सा हसत सांगायचा नाही. तरी सांगतो, कारण तो माझा आहे.

अनसिंगनंतर ग्रुपवरचे संदेश बंद झाले आणि ते पुन्हा एकट्या माझ्या फोनवर येऊ लागले. संदेशाच्या खाली एक बटण असे. इंग्रजीत होतं. शब्दकोशात पाहिलं, अर्थ निघाला : पोच देणे. आता लिपिकाला पोच द्यायला शिकवावं लागतं का? आलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्यायची, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. संदेश आला की मी बटण दाबायचो. जेवताना एका हातानं दाबायचो. एकही संदेश मी बिनपोचेचा ठेवला नाही, आणि याचा मला अभिमान होता.

त्या बटणाचा मशीनच्या भाषेतला अर्थ वेगळा होता : "बिघाड माझ्या लक्षात आला आहे, तो मी हाती घेतला आहे, आता कोणाला त्रास देऊ नका." मी पोच दिली की मशीन गप्प बसे. कोणीच पोच दिली नाही तर मॅडमना जाणारा दुसरा इशाराही मग जात नसे.

मेडशीचं परीक्षेचं जाळं तुटलं. मला संदेश आला. मी पोच दिली. कागदावर उतरवून साहेबांपुढे ठेवला. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते आणि पुढे दोन सुट्ट्या. तीन दिवस मेडशीच्या शाळेतून परीक्षेचा एकही फॉर्म गेला नाही. पालक चिडून वाशीमला आले.

साहेबांनी मॅडमना उभं केलं. मशीननं सांगितलं की नाही? सांगितलं, तर तुम्ही काय केलं? मॅडमच्या हातात मशीनमधून काढलेला नोंदीचा कागद होता. त्यावर वेळ होती, आणि वेळेपुढे पोच देणाऱ्याचं नाव होतं. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, "माह्याकडूनच राह्यलं, सर."

मेमो निघाला. यापुढे एक जरी बिघाड न कळवता राहिला, तर कंत्राट संपुष्टात येईल आणि कंपनीची यंत्रणा घेण्यात येईल.

त्या कागदावर काय होतं, हे मला दुसऱ्या दिवशी मॅडमनी बटणाचा अर्थ समजावला तेव्हा कळलं. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इंगोले बाबू, मेमोचा जावक नंबर पडला ना आता."

नंबर मीच टाकला होता.

०

तेव्हापासून मला चैन पडेना. मशीननं सांगितलं तर ठीक. पण सांगणाऱ्यालाच काही झालं तर? मशीनच बंद पडलं तर ते बंद पडल्याचं कोण कळवणार? मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ते जरा अवघडच आहे. साधारण असं धरतात की काही आलं नाही, म्हणजे सगळं ठीक.

मी म्हणालो, असं आमच्याकडे नाही चालत. आमच्याकडे महिन्यात एकही तक्रार आली नाही, तर तसा अहवाल पाठवावा लागतो. "निरंक". सांगण्यासारखं काही नाही, एवढं सांगायला सहीशिक्क्याचा कागद. नाही पाठवला तर स्मरणपत्र येतं.

मॅडम हसल्या. "कायले काकाजी? काही झालंच नाई, तं मशीन बोलीन कायले?"

"निरंक आला तं समजायचं, काही झालं नाही. आणि निरंकच नाही आला तं समजायचं, लिहिणारा बाबू मेला."

मॅडमचं हसणं थांबलं. त्या खुर्ची ओढून मशीनपुढे बसल्या आणि संध्याकाळची मेडशीची गाडी त्यांनी सोडली, पुढचीनं गेल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेदहाला माझ्या फोनवर एक शब्द येऊ लागला : निरंक.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बरी खासी मशीन होती. तिले बी बाबू करून टाकलं तुमी."

०

मी रिटायर झालो. शाल, नारळ, भाषणं. साहेब माझ्याबद्दल "कधीही कोणाला त्रास दिला नाही" असं म्हणत असताना माझ्या खिशात फोन वाजला. मेडशी. मी शालीखालून मॅडमना कळवलं. मॅडम टाळ्या वाजवता वाजवता उठून गेल्या.

माझा नंबर यादीतून निघाला नाही. तो काढायला कायम कर्मचाऱ्याचा अर्ज लागे, आणि माझ्या जागी कोणी आलंच नव्हतं. मीही आठवण दिली नाही. मेमो अजून जिवंत होता. घरी वर्तमानपत्र वाचायला घेतलं की दोन ओळींनी हात फोनकडे जाई. आंघोळीला गेलो तर फोन दारात स्टुलावर. साडेदहा वाजता निरंक आला की मगच मी पेपरचं दुसरं पान उलटायचो.

आमच्या सौ.चं नाव नलिनी. तिनं हे सगळं महिनाभर पाहिलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "सवत असती तं तिनं बी इतक्यांदा आवाज नसता देला."

मॅडम अधूनमधून चहाला येत. आल्या की दोघी स्वयंपाकघरात बसत आणि मला बाहेर काही ऐकू येत नसे. एवढं कळे, की विषय मी आहे.

०

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची गोष्ट. वाचायला बंदी म्हणून मुलीनं फोनात अशी सोय करून दिली की आलेला संदेश फोन मोठ्यानं वाचून दाखवी.

त्याच आठवड्यात पुतण्यासाठी मुलगी पाहायला अनसिंगला गेलो. पोहे झाले, मुलगी येऊन गेली, मोठी माणसं घसा साफ करून मुद्द्यावर यायला लागली. इतक्यात माझ्या खिशातून एक बाई ठणठणीत आवाजात बोलली : "संबंध तुटला."

दुवा निखळल्याचं हे माझंच भाषांतर. जोडला गेला की "संबंध जुळला".

बैठक गार पडली. मी फोन काढायला खिशात हात घालतो, तर ती पुन्हा म्हणाली, "संबंध जुळला." लोकांनी सुस्कारा सोडला. "संबंध तुटला." मला बटण दिसेना, डोळ्यावर हिरवी पट्टी. "संबंध जुळला." मेडशीच्या शाळेच्या गच्चीवर वांदर अँटेनाला लोंबकळत होतं, हे नंतर कळलं. ते उतरलं तेव्हा बाई शेवटचं बोलली, "संबंध जुळला", आणि गप्प झाली.

माझा भाऊ खाली मान घालून बसला होता. मुलीच्या आजोबांनी बोटांवर हिशेब लावला. म्हणाले, "शेवटी काय म्हनली? जुळला ना? मंग झालं तं. मदातलं कोन धरते?"

लग्न झालं. मॅडमना हा किस्सा सांगितला, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या की सॉफ्टवेअरही हेच करतं. दुवा फडफडायला लागला की मधलं धरायचं नाही, थोडं थांबायचं आणि शेवटी काय राहिलं ते पाहायचं. आजोबांना हे कळवावं असं मला फार वाटलं, पण त्यांना ते आधीच माहीत होतं.

०

आता शेवटचा.

मे महिना. मॅडमचं कंत्राट संपत आलं होतं. त्या दिवशी दुपारी बारा वाजता कार्यकारिणीची बैठक होती. कंपनीचा माणूस येऊन आपली यंत्रणा दाखवणार, आणि मॅडमना ठेवायचं की नाही ते तिथंच ठरणार. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवसही तोच. मॅडम सकाळच्या गाडीनं निघाल्याचा मला फोन आला होता. आवाज सुकलेला. आईनं विचारलं होतं म्हणे, "आता पुण्याले जाशीन का?"

साडेदहा वाजले. फोन गप्प.

दहा बत्तीस. दहा पस्तीस. मी फोन बंद करून चालू केला. नलिनीला म्हटलं, मला एक फोन लाव. तिनं लावला, वाजला. फोन ठीक होता. निरंक आला नव्हता.

मॅडमना लावला, तर रेंजच्या बाहेर. ऑफिसात तुळशीरामला लावला. तो पाहून आला आणि म्हणाला, साहेबांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर सातही शाळा हिरव्यागार आहेत, काळजीचं कारण नाही. मी चपला घातल्या आणि रिक्षा केली.

ऑफिसात बैठकीची गडबड. साहेबांनी मला पाहून कपाळाला आठी घातली. काही झालेलं नाही, सगळं हिरवं आहे, आपण रिटायर आहात, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. मी स्क्रीनजवळ गेलो. सातही शाळा हिरव्या होत्या, खरंच. पण कोपऱ्यातलं घड्याळ नऊ बावन्नवर थांबलेलं होतं. आणि बाहेरच्या घड्याळात अकराला पाच कमी.

मी आधी आवक रजिस्टर ओढलं आणि नोंद केली. सवय. मग सर्व्हरची खोली उघडली. आतून भट्टीसारखी झळ आली. एसी केव्हाचा बंद पडला होता. जाळं चालवणारं आणि त्याच्यावर नजर ठेवणारं एकच मशीन, ते उकाड्यानं गोठून बसलं होतं, आणि गोठलो आहे हे सांगायचं कामही त्याच्याकडेच होतं. सातही शाळांचे फॉर्म अडकले होते आणि स्क्रीन हिरवी होती.

तुळशीरामनं खिडक्या उघडल्या आणि बैठकीतला मोठा पंखा उचलून आणला. मी कशालाही हात लावला नाही. आयुष्यात एकदा मी मनानं बटण दाबलं होतं. पाच-सहा वेळा लावल्यावर मॅडमचा फोन लागला. गाडी मालेगावच्या स्टँडवर उभी होती.

"काकाजी, घाबरू नका. मशीन हात लावता येईन इतकी थंडी होऊ द्या. मंग पुढच्या बाजूचं काळं बटन. पोच द्याची नाई, दाबून धराचं."

मी दाबून धरलं. अकरा बावीसला फॉर्म वाहू लागले. अकरा चोवीसला फोन वाजला : निरंक.

बारा वाजता बैठक भरली. मॅडम घामानं निथळत पोचल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण उठही कोणी म्हटलं नाही. साहेबांनी मेमो वाचून दाखवला. बिघाड झाला, आणि यंत्रणेनं तो कळवला नाही. कोणताही संदेश आलेला नाही. सबब अट लागू.

मी म्हणालो, न आलेला निरंक हाच संदेश होता.

साहेब म्हणाले, "न आलेल्या कागदाले आवक नंबर पडत नाही, बाबू."

मी रजिस्टर पुढे सरकवलं. वेळ दहा पंचावन्न. विषय : निरंक प्राप्त न झाल्याबाबत. पुढे रीतसर नंबर.

आमचे अध्यक्ष म्हणजे म्हातारे शेतकरी, बैठकीत सहसा बोलत नाहीत, डोळे मिटून असतात. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, ओळीवरून बोट फिरवलं. मग कंपनीच्या माणसाकडे वळले. त्यानं नुकतंच सांगितलं होतं की त्यांची यंत्रणा एका सेकंदात इशारा देते.

"तुमच्यात निरंक हाय का?"

"सर, म्हणजे ते काय असतं?"

दाराशी उभ्या मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, कल्पना छान आहे, पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हात घालता येत नाही. वर कळवावं लागेल, पुढच्या आवृत्तीत कदाचित.

"आन हिच्यात?" अध्यक्षांनी मॅडमना विचारलं.

"याच्यात येते. इंगोले काका म्हनले त्याच दिवशी टाकलं."

अध्यक्षांनी पुन्हा डोळे मिटले. "बाईची फाइल आना."

साहेबांनी सही केली. पण साहेब ते साहेब. सहीखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली : सेवानिवृत्त व्यक्तीचा क्रमांक यादीत असणे नियमबाह्य असून तो आजच कमी करण्यात यावा. मॅडमनी माझ्यासमोर माझा नंबर काढला. त्या जागी काही लिहिलं, ते मला चष्म्याशिवाय दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन बसलो. साडेदहा वाजले. फोन टेबलावर होता. तो वाजणार नाही हे मला माहीत होतं. दहा बत्तीस. पहिल्या पानावरची तीच ओळ मी चौथ्यांदा वाचत होतो. दहा पस्तीसला उठलो. पिशवी घेतली, चपला घातल्या, कडी काढली.

स्वयंपाकघरातून नलिनीचा आवाज आला.

"कुठी निंगाले? बसा चुपचाप. निरंक हाय."